चौथ्या वाटीतला भात

आधी माझी बाजू सांगून टाकते. इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज वाचते, पण दुपारच्या डब्याबरोबर तोंडी लावायला. वाचून झालं की खाली बहुतेक वेळा एकच कॉमेंट टाकते – "हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या." त्यावरून दोन-तीन जणांनी मला झापलंही आहे. पण काय करणार, माझा धंदाच तो. भंडाऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी पंधरा वर्षं टेक्निशियन आहे. माणूस म्हणतो बाहेरचं लागलंय, झपाटलंय... आणि सुई टोचली की निघतो मलेरिया.

त्यात घरचं वळण वेगळं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्याकडे श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही. लहानपणी वर्गातल्या मुली पितृपक्षातल्या वड्यांच्या गोष्टी सांगायच्या. एकदा घरी येऊन विचारलं, आपल्याकडे का नाही? वडील म्हणाले, "मेलेला माणूस जेवत नाई. जिता आहे त्याले पोटभर वाढ." विषय संपला. मलाही ते पटलं, आजही पटतं. म्हणूनच हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. नावं बदलली आहेत, बाकी जसं घडलं तसंच सांगते.

आम्ही चौघं भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेतले – मी, सुवर्णा, नितीन आणि विलास. पोरींनी पोरांशी बोलायचं नाही असा तो काळ, पण सायन्सच्या प्रयोगाला सरांनी आमचा चौघांचा गट केला आणि तो गट काही सुटला नाही. लग्नं झाली, विलासचं तेवढं राहिलं, नोकऱ्या लागल्या, सुवर्णाला दोन मुलं झाली, तरी कुठे भेटायचं म्हटलं की चारच जण.

विलास चिखल्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. आठवडाभर तिकडे एकासोबत खोली करून राहायचा आणि रविवारी मोटरसायकलने शहापूरला आईकडे यायचा. त्याची आई म्हणजे आमच्या काकू. नवरा लवकर गेला, तेव्हा दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाचे रोवणे – रोपांची लावणी – करून त्यांनी विलासला शिकवलं. रोवणा करण्यात त्यांचा हात गावात कोणी धरत नसे. आणि जिभेला धार अशी की विहारातल्या मीटिंगमध्येसुद्धा पुरुष जपून बोलायचे. कोणाच्या घरी मयत झाली आणि कोणी चोरून जुन्या रिती करायला लागलं की काकू दारात जाऊन उभ्या. "सोडलं ना आपन? मंग आता कायले?"

नितीन नऊ वर्षं जपानात होता, ओसाकाला, एका इझाकायाच्या किचनमध्ये. इझाकाया म्हणजे तिकडची संध्याकाळी दोस्तांनी जमायची खानावळ – छोट्या छोट्या बशा मागवायच्या, वाटून खायच्या, प्यायचं, आणि घरी जायचं विसरायचं. परत आल्यावर त्याने ठरवलं की हेच आपल्या गावात काढायचं. कारध्याला, वैनगंगेचा पूल ओलांडला की हायवेच्या कडेला त्याच्या मामाचा बंद पडलेला ढाबा होता, तो घेतला. परमिट मिळालं नाही म्हणून प्यायला हिरवा चहा आणि आलं-लिंबू सोडा. लोकांनी त्याला "बिना दारूचा बार" असं नाव ठेवलं. विलास तर म्हणायचा, "भंडाऱ्यात जपान चालते का बे? धानाच्या बांधीत बोट चालवून राहिला तू."

पण मदतीला सगळ्यात आधी तोच.

तो मार्चमधला रविवार होता. ढाब्याची साफसफाई चालली होती. विलास चिखल्याहून थेट तिकडे आला, "तासभर थांबतो" म्हणाला. काकूंनी झिंगे आणले होते, तो दुपारी जेवायला येणार म्हणून. आम्ही त्याला सोडलं नाही. हे कपाट धर, ते टेबल सरकव... मग चहा, मग जुन्या गोष्टी. सुवर्णाने भजी आणली तर त्याने एकही उचललं नाही. म्हणाला, "आई वाट पाहून राहिली व. तिथं जेवलो नाई तं मारते मले." तरी आम्ही म्हणतच होतो, थांब रे, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं सूर्य बुडेपर्यंत चालली.

तो घरी पोचला तेव्हा काकू दारातच बसल्या होत्या. सकाळपासून त्याही जेवल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आला कायले? आता दोस्ताईकडंच जेव." त्यांचं हे नेहमीचं होतं. त्या चिडायच्या, हा हात जोडायचा, नाटकं करायचा, आणि मग दोघं जेवायला बसायचे. त्या दिवशी त्याने काहीच केलं नाही. दमला असेल, छातीत काही होत असेल, कोणास ठाऊक. दारातूनच बॅग उचलली आणि सकाळची शिफ्ट आहे म्हणून चिखल्याला निघून गेला.

पहाटे तो उठला नाही. हार्ट. एक्केचाळीस वय.

त्याच्यासोबत खोलीत राहणाऱ्याने मातीच्या दिवशी काकूंना भाबडेपणानं सांगून टाकलं – "आल्यावर त्यानं विचारलं, काई खायाले आहे का म्हणून. मेस बंद झाली होती. मंग पानी पेला अन् झोपला."

काकू तेव्हा रडल्या नाहीत, नंतरही नाहीत. घरी भन्तेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदनाचं जेवण झालं. काकूंनी पदर खोचून सगळ्यांना वाढलं आणि स्वतः मात्र घास घेतला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी दोन घास. मग तेच सुरू राहिलं. मी दर रविवारी जात होते. तीनदा रक्त काढलं, सोनोग्राफी करवली, भंडाऱ्याच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. रिपोर्ट नॉर्मल. एकदा मी चिडून विचारलं, "काकू, भूकच लागत नाही का?" तर म्हणाल्या, "लागते व. लय लागते. रात्री पोटात आग पडते. पण घास तोंडाशी नेला का हात वापस येते." हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच राहिलं तर पुढचा उन्हाळा कठीण आहे.

सुवर्णा हिंदू घरातली. तिने एकदा हळूच म्हणून पाहिलं, "काकू, एकदा त्याच्या नावानं पान वाढून पाहा ना जी. मनाले बरं वाटेल तुमच्या." काकू इतक्या जोरात उसळल्या की आम्हाला वाटलं आता पडतील. "लोकाईले जन्मभर सांगतलं मीनं, नका ठेवू म्हणून. आता माहा पोरगा गेला तं ठेवू का? कोन्या तोंडानं?" मग भिंतीकडे वळल्या. तिकडेच बघत पुटपुटल्या, "उपाशी गेला माहा पोरगा."

सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. मुलगा उपाशी गेला, आणि त्याला जेवू घालायची एकही वाट या बाईला नव्हती, कारण त्या वाटा तिने स्वतःच बंद केल्या होत्या. त्याही बरोबरच होत्या. त्यांना चूक म्हणायला मी आजही तयार नाही. पण ते बघवत नव्हतं. आणि त्यात आमचा वाटा होता, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्याने भजी का खाल्ली नाहीत ते बोलायची माझी हिंमतच होत नव्हती.

नितीनची खानावळ पावसाळा संपता संपता सुरू झाली. एक दिवस तोच फोनवर म्हणाला, "काकूले माह्याकडं घेऊन ये. घरचं काईही खाल्लं का विलास आठवते त्याईले. वरण पाह्यलं का विलास, भाजी पाह्यली का विलास. माह्याकडचं त्यानं कधी खाल्लंच नाई. त्या खान्यात आठवाचंच काई नाई." मला ते शंभर टक्के पटलं. मी लगेच सांगितलं, "मंगळवारी येतो. चार जण."

चार. मी, सुवर्णा आणि काकू – तीन होतात. नितीन तर आत रांधणार. पण तोंडातून चारच गेलं. शाळेपासून चारच जायचं. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

नोव्हेंबर होता. धान कापून झालं होतं, बाजारात नवा चिन्नोर तांदूळ आला होता. आम्ही साडेसहाला पोचलो. दाराशी लाल कागदी कंदील, आत लाकडी काउंटर, मागे दोन बुटकी टेबलं, बसायला गाद्या. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. आत पाऊल टाकल्याबरोबर नितीन किचनमधून जपानी भाषेत काहीतरी जोरात ओरडला. काकू दचकल्या. "काहून बोंबलते हा?"

"या, बसा म्हनतो जी काकू. तिकडं असंच ओरडतेत."

"मंग हळू म्हन ना. बहिरी आहो का मी?"

आठ महिन्यांत त्यांची ही जुनी धार पहिल्यांदा ऐकू आली. सुवर्णाने माझा हात दाबला.

नितीनने गरम ओले रुमाल दिले. हात पुसायचे असतात ते. काकूंनी तोंड पुसलं, मान पुसली, मग टेबल पुसलं आणि नीट घडी करून ठेवला. मग त्याने चार छोट्या वाट्या मांडल्या, तिळातलं कोहळं. म्हणाला, "हे मागाचं नसते. जो येऊन बसला त्याच्यासमोर ठेवाचंच, तशी रीत आहे." चौथी वाटी ठेवताना त्याचा हात थांबला. त्याने रिकाम्या गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा कुठे मला कळलं की आपण फोनवर काय बोललो. कान गरम झाले. त्याने ती वाटी उचलायला हात घातला, पण काकू त्या वाटीकडेच बघत होत्या. त्याने हात मागे घेतला. वाटी राहिली.

खाणं येत गेलं. काडीला लावलेली भाजलेली कोंबडी, वांगी, गुंडाळलेलं अंड्याचं काहीतरी. झिंगे त्याने त्या दिवशी मुद्दाम ठेवले नव्हते. मी आणि सुवर्णा लाकडी काड्यांशी झगडत होतो. वांग्याचा तुकडा सुवर्णाच्या तोंडापर्यंत जायचा आणि ओढणीवर पडायचा. काकू बशीतलं इकडचं तिकडे करत होत्या. मी लक्ष ठेवून होते – तोंडात काही जात नव्हतं.

"भात कवा येते?" त्यांनी विचारलं.

"भात शेवटी येते जी. तिकडची पद्धत आहे."

"भात शेवटी? मंग हे आतापर्यंत काय करून राहिलो आपन?"

आम्ही हसलो. नितीन म्हणाला, "थांबा, आनतो," आणि आत गेला. त्याने भांड्याचं झाकण काढलं आणि नव्या चिन्नोरचा वास किचनमधून पार आमच्यापर्यंत आला. भंडाऱ्याच्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. जपानी तांदूळ इथे कुठला मिळायला, म्हणून नितीन चिन्नोरच वापरतो. काड्यांनी उचलता यावा म्हणून जरा गिचका शिजवतो. त्याने वाट्या आणल्या – त्याही चार. सवयीने भरल्या असतील. एक त्या रिकाम्या गादीसमोर ठेवली गेली, आणि तो आत सूप आणायला वळला.

आता सुवर्णाचं ऐका. काकूंचा चेहरा पुन्हा उतरत चाललेला तिने पाहिला. त्यांना हसवायचं म्हणून तिने आपल्या दोन्ही काड्या उचलल्या आणि त्या चौथ्या वाटीतल्या भातात उभ्या खोवल्या. "घ्या काकू! झाला माहा रोवणा!" धानाच्या देशातली पोरगी, भात आणि काडी दिसली की तिला दुसरं काय सुचणार.

सूप घेऊन येणाऱ्या नितीनने ते पाहिलं. ट्रे तिथेच काउंटरवर ठेवून तो धावत आला आणि काड्या उपटल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नको व सुवर्णे... असं नाई करत."

"काहून? काय झालं?"

तो सांगेना. काकूच म्हणाल्या, "सांग बाबा."

"तिकडं असा भात..." तो खाली बघून बोलत होता. "मेलेल्या मानसासमोर ठेवतेत जी. त्याच्या उशाशी. काड्या अशा उभ्या रोवून. जित्या मानसाच्या ताटात कोनी असं करत नाई."

सुवर्णा रडायलाच लागली. मला वाटलं, संपलं. जिथलं खाताना विलास आठवणार नाही म्हणून आणलं, तिथेच हे. मी काकूंचा हात धरून म्हणाले, "चला काकू, आपण निघू."

काकू हलल्या नाहीत. त्यांनी नितीनला विचारलं, "ते लोक बौद्ध आहेत म्हनत होता ना तू?"

"लय जन आहेत जी."

"अन् तरी ठेवतेत?"

"ठेवतेत."

"कावळा लागते?"

"नाई जी."

"भटजी?"

"हा भात ठेवाले कोनी नाई लागत काकू. घरचंच मानूस ठेवते."

काकूंची नजर त्या वाटीवर गेली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ बघायची मला सवय आहे, लॅबमध्ये प्रत्येक नमुन्यावर ती लिहावी लागते. मग काकूंनी हात पुढे केला. नितीनने काड्या दिल्या. त्या गुडघ्यांवर सरकत त्या गादीसमोर गेल्या, वाटी नीट मधोमध ठेवली, आणि काड्या हळूच भातात उभ्या केल्या. दोन बोटांनी आणि अंगठ्याने, रोवण्याचं रोप चिखलात लावतात तशाच.

आणि त्या गादीशी बोलायला लागल्या.

"जेव बाबा. गरम आहे, सावकास खा." वाटी जराशी पुढे सरकवली. "मी रागात म्हनलं होतं तुले. तुले माईत नाई का माहा राग? कितीदा म्हनलं असन असं. मले वाटलं तू दोस्ताईकडून जेवून आला. म्हनून बोलली."

तेव्हा मला राहवलं नाही. मी रडत रडतच सांगितलं, "नव्हता जेवला काकू तो. आम्ही भजी दिली तर हात नाही लावला त्यानं. तुमच्याच हातचं जेवायचं होतं त्याला. आम्हीच थांबवून ठेवलं. आमच्यामुळे उशीर झाला."

मला वाटलं होतं त्या माझ्यावर ओरडतील. खरं तर ओरडायलाच हवं होतं, मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या गादीकडेच बघत म्हणाल्या, "मंग सांगाचं नाई का रे राजा... आई, मी उपाशी आहो म्हनून. मी वाढली असती ना."

आणि आता ती गोष्ट.

वाटीतून वाफ निघत होती. त्यात काही विशेष नाही, भात गरम होता. पण थोड्या वेळाने माझी नजर माझ्या वाटीवर गेली. वाफ कधीचीच बंद झाली होती. हात लावला, गार. सुवर्णाची वाटी गार. काकूंचीही गार. एकाच भांड्यातला, एकाच वेळी काढलेला भात, तशाच चिनी मातीच्या वाट्या. आणि चौथ्या वाटीतून वाफ येतच होती. आधी आली त्याहून जास्त नाही, कमीही नाही. मी घड्याळ पाहिलं – सात पंचवीस. मी टेबलाखाली हात घालून बघितलं. खाली काही नव्हतं, गार लाकूड. वर दिवा नव्हता. नितीनही तेच बघत होता, त्याच्या ओठांवर घाम आला होता. सुवर्णाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते.

सात एकेचाळीसला काकू म्हणाल्या, "झालं त्याचं."

आणि वाफ थांबली. हळूहळू कमी होऊन नाही. होती, आणि नव्हती.

भीती वाटली का? खरं सांगते, नाही. भीती वाटायला समोर काही नव्हतंच. एक म्हातारी बाई रिकाम्या गादीसमोर बसली होती आणि पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आठ महिन्यांचं. ती सुवर्णाच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. आम्ही सगळेच रडलो. नितीन किचनच्या दारात उभा राहून ॲप्रनने डोळे पुसत होता.

मग काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "नितीन, मले वाढ. भूक लागली."

त्याची जी धावपळ झाली! जे होतं ते सगळं त्याने आणलं. काकूंनी काड्या बाजूला सारल्या, हाताने भात कालवला आणि जेवल्या. तीन वाट्या. सूप, वांगी, कोंबडी, सगळं. मधेच रडायच्या, परत घास घ्यायच्या. मी नुसती बघत बसले. त्या रात्री त्यांच्या पोटात जे गेलं ते मी तीन रक्ततपासण्या करूनही घालू शकले नव्हते.

आवरताना नितीनने ती चौथी वाटी उचलली आणि तो थबकला. नाकाजवळ नेली, मग मला दिली. "वास घे." मी घेतला. काहीच नाही. कोविडमध्ये मला वास येणं बंद झालं होतं, म्हणून आधी स्वतःवरच संशय आला. मी माझ्या वाटीतला गार भात हुंगला – चिन्नोरचा वास जसाच्या तसा. परत ती वाटी... काही नाही. मी चार शितं तोंडात टाकली. आंबलेली नव्हती, शिळी नव्हती, कच्ची नव्हती. त्यांना चवच नव्हती. पाण्यालासुद्धा काहीतरी चव असते. सुवर्णाने खाऊन पाहिलं, नितीनने खाऊन पाहिलं. तोच भात, एका भांड्यातला.

मी यावर पुष्कळ डोकं लावलं आहे. वाटीत भात जास्त दाबून भरला होता म्हणून उष्णता टिकली? अर्धा तास? आणि मग एका क्षणात गेली? दुःखात माणसाचं नाक-जीभ काम करत नाही म्हणावं, तर तिघांचं एकदम आणि एकाच वाटीपुरतं? सुवर्णाच्या सासूबाईंनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "ज्याचा होता त्यानं खाल्ला, मंग चव कुठली राहीन?" त्यांच्यासाठी ते इतकं सोपं आहे. माझ्यासाठी नाही.

तुमच्यातला कोणीतरी नक्की विचारेल, तू तर लॅबवाली, भात तपासला का नाही? पर्समध्ये माझा दुपारचा रिकामा डबा होता. मी तो काढलाही होता. मग काकूंकडे पाहिलं – त्या तिसरी वाटी मागत होत्या – आणि डबा परत ठेवून दिला. रिपोर्ट नॉर्मल आला असता तर मी त्यांना काय सांगणार होते?

काकू आता जेवतात. बांगड्या मनगटावर आल्या आहेत. विहारात जातात, मीटिंगमध्ये पुरुषांना झापतात. त्या संध्याकाळबद्दल आपण होऊन कधी बोलत नाहीत. हे लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लिही. पन लोकाईले ठेवा म्हनून नको सांगू." तेव्हा मी सांगत नाहीये. मी स्वतःही ठेवत नाही. वडिलांचं म्हणणं अजून मला खरंच वाटतं, आणि त्या वाटीतली वाफही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. या दोन्हींची सांगड मला घालता येत नाही.

मार्चमध्ये वर्ष झालं. नितीनने काकूंना फोन केला होता, "या जी, विलाससाठी भात करतो." मी तिथेच होते. काकू म्हणाल्या, "नाई बाबा. एकदा वाढलं, पोटभर जेवला. आता घडी घडी आवाज देत राहिली तं तो जाईन कसा?" फोन ठेवला आणि धान पाखडायला बसल्या.

त्यांनी त्याला जाऊ दिलं. मला अजून जमलेलं नाही.